वाचकांचे प्रश्न : गोष्ट कोण सांगतो आहे?

या वेळच्या टपालात कथा-कादंबरी वाचताना अडणाऱ्या शब्दांविषयीची पत्रे बरीच आहेत. कथानक, निवेदक, आशयसूत्र, प्रतीक हे शब्द परीक्षणांत, पाठ्यपुस्तकांत आणि प्रस्तावनांत सतत येतात, पण ते कोणी समजावून सांगत नाही, अशी तक्रार बहुतेक पत्रांत आहे आणि ती रास्त आहे. माझ्या मते यांतला प्रत्येक शब्द म्हणजे गोष्टीला विचारलेला एक प्रश्न असतो, आणि तो प्रश्न नेमका कळला की व्याख्या पाठ करावी लागत नाही. उत्तरे देताना दर वेळी वेगळे उदाहरण घेतले तर गोंधळ वाढेल, म्हणून आधी एक लहानशी गोष्ट सांगतो. ती याच उत्तरांसाठी रचली आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात दोन खोल्यांचे घर आहे. दिवाळीपासून वेचलेला कापूस समोरच्या खोलीत भरून ठेवला आहे आणि पौष उजाडला तरी बाप तो विकत नाही, कारण भाव वाढेल अशी त्याला आशा आहे. आजी आणि बारावीत शिकणारी मुलगी त्याच खोलीत कापसाच्या ढिगाला लागून झोपतात. दोघींच्या अंगाला खाज सुटते, पण कोणी काही बोलत नाही. बाप रोज संध्याकाळी त्या दिवसाचा भाव एका वहीत लिहून ठेवतो. मुलीच्या कॉलेजात शुल्क भरण्याची शेवटची तारीख जवळ येते. ती ही गोष्ट बापाला सांगत नाही, फक्त आजीला सांगते. दोन दिवसांनी ती कॉलेजातून परत येते तेव्हा खोली रिकामी असते, आणि कापूस जिथवर पोचला होता तिथे भिंतीवर एक मळकट रेघ उरलेली असते. बाप शुल्काचे पैसे तिच्या हातात ठेवतो आणि म्हणतो, “भाव बरा भेटला, बाई.” रात्री ती वही उघडते. त्या दिवशीचा भाव त्या हंगामातला सर्वांत कमी असतो. ती वही मिटते आणि होती तिथे ठेवून देते.

प्रश्न : कथा, कथानक आणि आशयसूत्र यांत फरक काय? ‘आशय लिहा’ म्हटले की माझे विद्यार्थी गोष्टीचा सारांश लिहून मोकळे होतात. (एक शिक्षिका, दर्यापूर तालुका)

आपले विद्यार्थी चुकतात त्याला शब्दांची ढिलाईही कारणीभूत आहे, कारण कथानक, कथावस्तू आणि संविधानक हे शब्द आपल्याकडे एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. मी इथे दोनच शब्द धरतो. जे घडले ते घडले त्या क्रमाने सांगणे म्हणजे कथा, आणि त्या घटना कोणत्या कारणाने एकमेकींशी बांधल्या आहेत हे दाखवणारी मांडणी म्हणजे कथानक. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली कादंबरीविषयी दिलेल्या व्याख्यानांत हा फरक दोन वाक्यांत सांगितला होता. राजा वारला आणि नंतर राणी वारली, ही झाली कथा. राजा वारला आणि त्या दुःखाने राणी वारली, हे झाले कथानक. पहिल्या वाक्यानंतर ऐकणारा ‘मग पुढे काय झाले’ असे विचारतो, दुसऱ्यात त्याला ‘का’ या प्रश्नाचे उत्तर मिळते.

वरच्या गोष्टीत मुलीने आजीला शुल्काचे सांगितले आणि दोन दिवसांनी कापूस विकला गेला. आजीने ते बापाच्या कानावर घातले, असे मी कुठेही लिहिलेले नाही. तो दुवा आपणच जोडलात. कथानक असे पुष्कळदा कागदाबाहेर पुरे होते, आणि वाचकाला जोडण्यासाठी किती मोकळे सोडायचे हे ठरवण्यात लेखकाचे बरेचसे कसब खर्च होते. एखादी कथा ‘कळली नाही’ असे विद्यार्थी म्हणतात, तेव्हा त्यांना घटना कळलेल्या असतात, पण असा एखादा न लिहिलेला दुवा त्यांच्याकडून सुटलेला असतो. तो कोणता, एवढेच त्यांना शोधायला सांगावे.

आशयसूत्रासाठी आपल्याच साहित्यात एक उत्तम नमुना आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांनी निरूपणात सांगितलेले दृष्टान्त केशिराजांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘दृष्टान्तपाठ’ या ग्रंथात एकत्र केले. त्यात आधी सूत्र येते, मग ते समजावणारा दृष्टान्त, म्हणजे छोटी गोष्ट, आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या गोष्टीतले काय कशाला लागू करायचे याचा खुलासा. ही तीन अंगे मुलांना फळ्यावर लिहून दाखवली तर सारांश आणि आशय यांतली गल्लत बरीच कमी होईल, कारण सारांश हा दृष्टान्ताचा असतो आणि आशयसूत्र सूत्राच्या जागी असते. आजची कथा मात्र यांतला मधला भाग तेवढा वाचकाच्या हाती देते. सूत्र आधी सांगत नाही आणि दार्ष्टान्तिक शेवटी जोडत नाही. ती दोन्ही कामे वाचकाकडे येतात.

आणखी एक काळजी घ्यावी. ‘गरिबी’ किंवा ‘कापसाचा भाव’ हा विषय झाला. आशयसूत्र पूर्ण वाक्यात यायला हवे, आणि ते वाक्य या गोष्टीला लागू पडणारे पण थोडे तिच्यापलीकडे जाणारे असावे. वरच्या गोष्टीचे आशयसूत्र मी असे लिहीन : अभावात राहणारी माणसे एकमेकांचा मान राखण्यासाठी खोटे बोलतात, आणि तो मान राखण्यासाठीच ते खोटे न पकडता सोडून देतात. एखादी मुलगी वेगळे वाक्य लिहील, आणि गोष्टीतल्या तपशिलांवर ते टिकत असेल तर तिला पूर्ण गुण द्यावेत. मात्र ‘शिक्षणासाठी त्याग करावा’ असे कोणी लिहिले तर तो बोध आहे, आशयसूत्र नव्हे, हे समजावून सांगावे. काय करावे हे बोध सांगतो. माणसे कशी असतात हे आशयसूत्रातून दिसते.

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात एक कादंबरी वाचली. तिच्यातला ‘मी’ लहानपणीच पोरका होतो. पुढे त्याच लेखकाची मुलाखत वाचली, तर त्यांची आई हयात असल्याचे कळले. ही वाचकाची फसवणूक नव्हे काय? (एक शेतकरी वाचक, वणी तालुका)

आपण त्या पोरक्या मुलासाठी हळहळला असाल, म्हणूनच हा प्रश्न आपल्याला टोचला, आणि म्हणून त्याचे उत्तर मी सविस्तर देतो.

लेखक हा पुस्तकाबाहेरचा, हाडामांसाचा माणूस असतो. पुस्तकात जो बोलतो तो निवेदक, आणि तो लेखकाने घडवलेला असतो. पात्रे जशी घडवलेली असतात तसाच निवेदकही. हे एकदा मान्य केले की ‘मी’ या शब्दाचा दाब कमी होतो. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मराठीत शंभराहून अधिक वर्षांपासून आहे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली, आणि ती सांगते यमू नावाची एक स्त्री, स्वतःच्या तोंडाने, ‘मी’ म्हणून. आपटे पुरुष होते. यमूचे आयुष्य त्यांनी भोगलेले नव्हते, आणि तरीही बाईच्या वाट्याला आलेले दुःख बाईच्याच आवाजात सांगायचे त्यांनी ठरवले. त्याला आपण फसवणूक म्हणणार नाही.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ पाहा. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक गुरुजींच्या आईच्या आठवणींवर उभे आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. तरी गुरुजींचे नाव पांडुरंग होते आणि पुस्तकात आठवणी सांगतो तो श्याम. शिवाय श्याम एकटा नाही. आश्रमातले मित्र रात्री जमले आहेत आणि तो त्यांना गोष्ट सांगतो आहे, हे आपल्याला सांगणारा आणखी एक आवाज त्याच्या बाहेर आहे. म्हणजे इतक्या साध्या, घरोघर वाचल्या गेलेल्या पुस्तकातही निवेदनाचे दोन थर आहेत. कीर्तनाला बसलेल्या माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये, कारण बुवा आख्यान लावतात तेव्हा तेही कधी स्वतः बोलतात आणि कधी पात्राच्या तोंडून बोलतात, आणि कोणाचा आवाज कधी सुरू झाला हे श्रोत्यांना बरोबर कळते.

आपली तक्रार एका ठिकाणी मात्र योग्य ठरेल. पुस्तकावर ‘आत्मकथन’ किंवा ‘आत्मचरित्र’ असे छापलेले असेल, तर तिथे ‘मी’ म्हणजे लेखकच, असे वचन वाचकाला दिलेले असते, आणि ते मोडले तर जाब विचारण्याचा हक्क वाचकाला आहे. कादंबरीवर ते बंधन नाही. तेव्हा आधी मुखपृष्ठ पाहावे.

आता निवेदनाच्या पद्धतींकडे येऊ. कापसाची गोष्ट मुलीने ‘मी’ म्हणून सांगितली तर ते प्रथमपुरुषी निवेदन होईल. तिला जे दिसले, जे कळले, तेवढेच आपल्याला मिळेल. आजी आणि बाप यांच्यात काय बोलणे झाले ते तिला माहीत नाही, म्हणून आपल्यालाही कळणार नाही. हीच गोष्ट बापाने ‘मी’ म्हणून सांगितली तर सगळे उलटे होते. खेडा खरेदीच्या, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या, व्यापाऱ्याशी झालेली घासाघीस, काट्यावर चढणारे वजन, घरी काय सांगायचे हे त्याने वाटेत ठरवले तो क्षण, हे सारे त्यात येईल. पण मुलीने रात्री वही उघडली हे त्याला कधीच कळणार नाही, आणि गोष्टीचा शेवटच नाहीसा होईल. तिसरी वाट तृतीयपुरुषी निवेदनाची, म्हणजे ‘तो’ आणि ‘ती’ अशा शब्दांत सांगण्याची. तिच्यात पुन्हा दोन प्रकार आहेत. सर्वज्ञ निवेदक सर्वांच्या मनात डोकावू शकतो. त्याला बापाची लाज माहीत आहे, मुलीचा संकोच माहीत आहे आणि पुढच्या वर्षी पाऊस कसा पडणार आहे हेही माहीत असू शकते. मर्यादित निवेदक ‘ती’ असे म्हणतो खरा, पण सबंध गोष्टभर एकाच पात्राच्या खांद्याआडून पाहतो.

या शेवटच्या प्रकारामुळे आणखी एक शब्द लागतो, तो म्हणजे दृष्टिबिंदू. निवेदक म्हणजे बोलणारा, आणि दृष्टिबिंदू म्हणजे पाहणाऱ्याची जागा. ‘ती दारात थबकली. एवढी मोठी खोली आपल्या घरात आहे हे तिला आजवर ठाऊकच नव्हते.’ या दोन वाक्यांत बोलणारा तिसराच कोणी आहे, डोळे मात्र मुलीचे आहेत. ‘दृष्टान्तपाठा’तच जन्मांध माणसांचा आणि हत्तीचा दृष्टान्त आहे, ज्याच्या हाताला जो अवयव लागला, त्याला हत्ती तसाच वाटला. त्यांच्यापैकी प्रत्येक जण खरे बोलत होता, पण आपल्या जागेवरून. त्या आंधळ्यांपैकी एकानेच ती गोष्ट सांगितली असती तर आपल्याला खांबासारखा हत्ती मिळाला असता आणि शंका घ्यायला जागाच उरली नसती.

निवेदक नकळत चुकू शकतो, तसा तो जाणूनबुजून लपवूही शकतो. बापाने सांगितलेल्या गोष्टीत ‘त्या दिवशी भाव बरा भेटला’ असे वाक्य आले आणि चार पानांनंतर वहीतला आकडा आपल्या नजरेस पडला, तर त्याला अविश्वसनीय निवेदक म्हणावे लागेल. या शब्दात दूषण नाही. निवेदकाचे बोलणे आणि गोष्टीतला पुरावा यांत अंतर आहे आणि लेखकाने ते मुद्दाम ठेवले आहे, एवढेच त्यातून सुचवायचे असते. आपण वाचलेल्या कादंबरीतला तो पोरका ‘मी’ आपल्या आईविषयी जे सांगतो, ते सगळे जुळते का, हे आता एकदा पुन्हा वाचून पाहावे. लेखकाच्या आईपेक्षा निवेदकाची आई वाचकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे.

प्रश्न : मी कथा लिहिते. एका स्पर्धेत परीक्षकांनी ‘पात्रे सपाट आहेत’ एवढाच शेरा दिला. कथेत एक सावकार आहे, तो दुष्टच दाखवला आहे. मग त्याला चांगला दाखवायचा का? (एक वाचक, मेहकर तालुका)

चांगला दाखवण्याची गरज नाही. सपाट आणि बहुपदरी पात्रे हा भेदही फॉर्स्टर यांनीच रूढ केला. ज्याचे वर्णन एका वाक्यात संपते आणि जे त्या वाक्याबाहेर कधी जात नाही, ते सपाट पात्र. बहुपदरी पात्राची त्यांची कसोटी मला आजही उपयोगी वाटते : ते पात्र वाचकाला चकित करते का, आणि ते चकित करणे पटते का? चकित केलेच नाही तर पात्र सपाट. चकित केले पण पटले नाही, तर सपाट पात्राने बहुपदरी असल्याचे सोंग आणले. सावकाराला शेवटच्या पानावर अचानक दयाळू केलेत तर नेमके हे दुसरे घडेल, आणि तो दोष पहिल्यापेक्षा मोठा आहे.

सपाट पात्र हा स्वतःहून दोष नव्हे, हेही सांगितले पाहिजे. वरच्या गोष्टीतली आजी सपाट आहे. निरोप पोचवणे एवढेच तिचे काम आहे आणि लहान गोष्टीत सर्वांना सारखी जागा देता येत नाही. बाप मात्र वेगळा आहे. भाव वाढेल या आशेवर घरच्यांची झोपायची जागा अडवणारा, रोज हिशेब लिहिणारा हट्टी माणूस एका दिवसात सगळा हिशेब सोडून देतो आणि वर खोटे बोलतो. हे अनपेक्षित आहे, पण त्याने पैसे तिच्याच हातात ठेवले म्हणून पटते.

आपल्या सावकाराकडे या नजरेने पाहा. तो लुबाडतो, हे ठीक आहे. तो स्वतःला काय सांगून लुबाडतो? मी नसतो तर या गावाला पेरणीच्या वेळी कोणी पैसा दिला असता, असे तो मनोमन म्हणत असेल, आणि ते त्याला खरेही वाटत असेल. ते वाक्य त्याच्या तोंडी घालू नका. त्याने पावती कशी लिहिली, समोरच्याला बसायला काय दिले, कोणाला चहा विचारला आणि कोणाला विचारला नाही, यांतून ते दिसू द्या. पात्र हा शब्द कथेत वावरणाऱ्या कोणालाही लागतो. अशा बारकाव्यांतून त्याला स्वभाव, पूर्वायुष्य आणि स्वतःची बाजू मिळाली की त्याची व्यक्तिरेखा होते, आणि परीक्षकांना बहुधा याच फरकाविषयी सुचवायचे असावे. शेरा मात्र त्यांनी एका ओळीपेक्षा मोठा द्यायला हवा होता.

प्रश्न : मी झाडीपट्टीत नाटकांतून लहान कामे करतो. नाटकात ‘आता चढलं’ असे प्रेक्षकच सांगतात. कथेतला उत्कर्षबिंदू कसा ओळखायचा? (एक विद्यार्थी, देसाईगंज तालुका)

दिवाळीनंतरच्या हंगामात वडसा-देसाईगंज भागात रात्ररात्र नाटके पाहणाऱ्या प्रेक्षकाला ही जाण आपोआप येते, आणि हा शब्द मुळात नाट्यविचारातूनच कथेकडे आला आहे. जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटाग यांनी १८६३ साली पाच अंकी नाटकाची चढण, शिखर आणि उतरण अशी आकृती मांडली. त्याच्या कितीतरी आधी भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त आरंभ, यत्न, प्राप्त्याशा (फळ मिळेल अशी आशा), नियताप्ती (ते मिळणार हे निश्चित होणे) आणि फलागम (फळ हाती येणे) अशा कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत.

कथेत शोधताना आधी संघर्ष कोणाचा कशाशी आहे हे ठरवावे. तो माणसाचा माणसाशी, परिस्थितीशी किंवा स्वतःच्या मनाशी असू शकतो. ज्या क्षणानंतर तो संघर्ष पूर्वीसारखा राहू शकत नाही, तो उत्कर्षबिंदू. रंगमंचावर त्या क्षणी आवाज चढतो, पण कथेत तो क्षण अगदी शांत असू शकतो. कापसाच्या गोष्टीत भाव आणि गरज हा बापाचा संघर्ष पडद्याआड संपतो. मुलीचा संघर्ष वहीतला आकडा पाहून सुरू होतो आणि वही मिटण्यात संपतो. म्हणून मी उत्कर्षबिंदू तिथे धरतो, रिकाम्या खोलीत नाही. वही उघडी ठेवून ती बापाला उठवती तर ती वेगळी गोष्ट झाली असती.

प्रश्न : प्रतिमा आणि प्रतीक यांत गोंधळ होतो. शिवाय कथेत आलेली प्रत्येक वस्तू प्रतीक असते का? (एक वाचक, मोर्शी तालुका)

नसते, आणि तसे मानून वाचणे ही एक सवयच होऊन बसते. शब्दांनी इंद्रियांना जाणवून दिलेली गोष्ट म्हणजे प्रतिमा. अंगाला सुटणारी खाज ही प्रतिमा आहे, आणि कापूस घरात ठेवणाऱ्या वाचकाला ती वाचतानाच जाणवेल. तिचा आणखी अर्थ लावायची गरज नाही. प्रतीकात वस्तू वस्तूच राहते आणि शिवाय आणखी काही होऊन बसते.

माझी कसोटी अशी आहे : ती वस्तू गोष्टीत पुन्हा येते का, आणि पुन्हा येताना तिचा अर्थ बदलतो का? वही पहिल्यांदा येते तेव्हा ती बापाच्या आशेची आहे. शेवटी येते तेव्हा ती त्याच्या खोट्याची साक्ष झालेली असते, आणि मुलगी ती मिटते तेव्हा त्या दोघांमधले गुपित होते. वहीला मी निःशंकपणे प्रतीक म्हणेन. भिंतीवरची रेघ एकदाच येते. तिच्याविषयी माझे मन अजून डळमळते, पण ती ढिगाची उंची आणि ढिगाचे नसणे एकाच वेळी दाखवते, म्हणून तीही प्रतीकाच्या जवळ जाते असे मला वाटते. वही आधीच वाचकाच्या नजरेत भरवून ठेवली होती, त्या युक्तीला पूर्वसूचना म्हणतात. ती नसती तर शेवट आकाशातून पडल्यासारखा वाटला असता.

प्रश्न : लघुकथा, दीर्घकथा, लघुकादंबरी आणि कादंबरी यांच्या शब्दसंख्या किती? (एक वाचक, चिखली तालुका)

स्पर्धांचे नियम सोडले तर ठरलेली शब्दसंख्या नाही. एका अनुभवाभोवती फिरणारी ती लघुकथा. पुष्कळ माणसे, बराच काळ आणि विस्तृत परिसर यांना सामावून घेते ती कादंबरी. मधली दोन्ही नावे या दोहोंच्या दरम्यान कमीअधिक सैलपणे वापरली जातात. त्यांवरून वाद घालण्यात वेळ दवडू नये.

प्रश्न : संवाद वऱ्हाडीत आणि निवेदन प्रमाण भाषेत, असे बहुतेक पुस्तकांत का असते? त्यातून आमची बोली कमी दर्जाची ठरत नाही का? आणि ‘शैली’ म्हणजे नक्की काय? (एक वाचनालय-सेवक, अचलपूर तालुका)

शैलीपासून सुरुवात करतो, कारण या शब्दाच्या इतिहासात आपल्या प्रदेशाचे, विदर्भाचे, नाव आहे. संस्कृत काव्यशास्त्रात वामनाने ‘रीती हा काव्याचा आत्मा’ असे म्हटले आणि वैदर्भी, गौडी, पांचाली अशा तीन रीती सांगितल्या. त्यांत वैदर्भीला सर्व गुणांनी युक्त मानले. त्याच्याआधी दंडीनेही वैदर्भ मार्गाची अशीच थोरवी सांगितली होती. रीती म्हणजे शब्दांची विशिष्ट रचना, आणि आज आपण शैली म्हणतो तेव्हा शब्दांची निवड, वाक्यांची लांबी, लय आणि काय गाळले जाते हे सगळे मिळून मनात असते. ज्या प्रदेशाच्या नावाने एके काळी उत्तम लेखनाची रीत ओळखली जाई, तिथल्या माणसाने आपल्या बोलीविषयी संकोच बाळगू नये असे मला मनापासून वाटते.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र पुन्हा निवेदकाकडेच नेते. उद्धव शेळके यांच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘धग’ या कादंबरीत कौतिक आणि तिच्या भोवतीची माणसे अस्सल वऱ्हाडी बोलतात, आणि त्यांची हकिगत सांगणारा तृतीयपुरुषी निवेदक मुख्यतः प्रमाण मराठीत सांगतो. तो निवेदक त्या घरातला नाही. त्याची भाषा वेगळी असण्यात त्या माणसांचा अवमान नाही; उलट त्यांचे बोलणे इतके जिवंत आहे की पुस्तक मिटल्यावर तेच कानात राहते. पुरुषोत्तम बोरकर यांच्या ‘मेड इन इंडिया’त नायक पंजाबराव स्वतःच आपली हकिगत सांगतो, आणि म्हणून निवेदनही वऱ्हाडीतच येते. बोलणारा बदलला की भाषा बदलते. जिथे निवेदक गावातलाच आहे, ‘मी’ म्हणून बोलतो आहे, आणि तरी त्याची भाषा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखी आहे, तिथे आपली तक्रार मला पूर्ण मान्य आहे. तो शैलीचा दोष आहे.

कापसाच्या गोष्टीत मी ‘भाव बरा भेटला, बाई’ असे लिहिले. ‘मिळाला’ लिहिले असते तर अर्थ तोच राहिला असता, पण तो बाप वेगळ्या घरातला झाला असता. बाकीची गोष्ट मी प्रमाण भाषेत लिहिली, कारण सांगणारा मी होतो. ती मुलीच्या तोंडून लिहायची तर प्रश्न अधिक अवघड होतो : आजीशी ती वऱ्हाडीत बोलते, कॉलेजच्या वहीत प्रमाण मराठी लिहिते आणि मैत्रिणीला मोबाइलवर दोन्हीची सरमिसळ पाठवते. तिचे पहिले वाक्य कोणत्या भाषेत असावे हे लिहिण्याआधी, ती ही गोष्ट या तिघांपैकी कोणाला सांगते आहे हे लेखकाला ठरवावे लागेल.